विमानाच्या प्लॅस्टिकच्या काचेवर पेट्रोल सांडतं, कायमचा बंदोबस्त काय करावा?

तापीकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. विषय जरा आडवाटेचा आहे, पण इथे धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीवर हात काळे केलेले लोक आहेत हे माहीत आहे म्हणून विचारते.

मी विमान देखभालीचं शिक्षण घेतेय, सध्या सुट्टीत घरी, शिरपूर तालुक्यात. मामांच्या ओळखीच्या एका हौशी गृहस्थांकडे दोन आसनी हलकं विमान आहे. पंख वर, तिसरं चाक शेपटीला. टाकी इंजिन आणि काचेच्या मधोमध, आणि टाकीचं बूच काचेच्या खालच्या कडेपासून जेमतेम वीतभर पुढे. पेट्रोल कॅनने आणि नरसाळ्याने भरतात. विमान नाक वर करून उभं असल्यामुळे सांडलेला प्रत्येक थेंब मागे, थेट काचेच्या बुडाशी जातो.

भरणारा गडी काचेवर जुनं बनियन पसरतो आणि सांडलं की त्याच बनियनने पुसतो. मालक म्हणतात, पेट्रोल तर उडून जातं, त्याने काय होतंय!

आता खालच्या कडेला, स्क्रूंच्या आसपास, केसासारख्या रेषांची जाळी दिसायला लागली आहे. समोरून बघितलं तर काहीच नाही. सकाळचं तिरपं ऊन असताना बाजूने बघितलं की चमकतात. नखाला लागत नाहीत. काच मागच्याच वर्षी बदललेली आहे.

ही जाळी पेट्रोलनेच पडली असेल का? भरताना काचेवर काय पसरावं? आणि एवढं करूनही सांडलंच तर पहिल्या मिनिटात काय करायचं?

---

रावेरचा केळीवाला

आमच्या फवारणीच्या ड्रोनला काचच नाही, सुटलो. धागा वाचतोय.

---

दोनचाकी डॉक्टर

ताई, विमानातलं आपल्याला कळत नाही, पण हेल्मेटच्या काचेचं विचारा. चिकटलेला डांबराचा डाग पेट्रोलच्या बोळ्याने पुसणारी पोरं दर महिन्याला येतात. डाग जातो, पण पुढे बिजागरीच्या भोकापासून तडा सुरू होतो. मग म्हणतात, कंपनीचा माल खराब. गंमत म्हणजे तडा मधे कधीच येत नाही. जिथे स्क्रू आवळलाय तिथूनच येतो.

---

अमळनेरची प्रयोगशाळा

डॉक्टरांनी नेमकं तेच हेरलं. रसायन एकटं काही करत नाही, ताणही एकटा काही करत नाही. दोघं एका जागी आले की रेषा पडतात.

विमानाच्या अशा काचा बहुतेक ॲक्रिलिकच्या असतात. हेल्मेटची काच पॉलिकार्बोनेटची. काही हलक्या विमानांनाही पॉलिकार्बोनेट लावतात, कारण ते हातोडीनेही सहज फुटत नाही आणि पातळ पत्रा नुसता वाकवून बसवता येतो. पण पेट्रोलच्या बाबतीत ते ॲक्रिलिकपेक्षा जास्त नाजूक. त्यातून थंडच वाकवून बसवलेलं असेल तर अख्खा पत्रा कायम ताणात असतो. अशा पत्र्यावर पेट्रोल पडलं तर नुसत्या जाळीवर भागत नाही, सरळ आरपार तडा जाऊ शकतो. म्हणून आधी आपली काच कशाची आहे ते कागदपत्रांत बघा.

आता पेट्रोल उडून जातं, मग काय होतंय, याबद्दल. पेट्रोलमध्ये टोल्युइन, झायलीन या जातीचे घटक असतात. विमानाच्या निळ्या पेट्रोलमध्ये, म्हणजे एव्हगॅसमध्येही असतात. ते प्लॅस्टिकच्या पृष्ठभागात शिरतात आणि त्याच्या लांब साखळ्यांची एकमेकींवरची पकड ढिली करतात. जिथे ताण आहे तिथे त्या साखळ्या सुटून बाजूला होतात आणि बारीक भेग पडते. पेट्रोल उडून गेलं तरी भेग राहतेच. पुढे प्रत्येक वेळी त्याच भेगेत नवीन थेंब शिरतो. आज सांडलं आणि आज काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त राहू नका, रेषा नंतरही उमटतात.

उलट रॉकेलमध्ये या जातीचे घटक कमी, त्याचा ॲक्रिलिकला फारसा उपद्रव नाही. अमेरिकी विमान प्रशासनाच्या दुरुस्तीविषयक पुस्तिकेत काचेवरचं ग्रीस काढायला रॉकेलने भिजवलेलं फडकं चालेल असं लिहिलंय, आणि पेट्रोल, अल्कोहोल, बेंझीन, ॲसिटोन, थिनर आणि घरातले काच पुसायचे स्प्रे हे सगळे त्याच पानावर निषिद्ध यादीत आहेत. एकाच खनिज तेलातून निघणाऱ्या दोन तेलांत एवढा फरक!

---

ढगातला भाऊ

सर, मग करोनात सगळीकडे सॅनिटायझर फवारत होते त्याचं काय?

---

अमळनेरची प्रयोगशाळा

तेही अल्कोहोलच. काचेवर मारायचं नाही असा इशारा तेव्हा विमान बनवणाऱ्यांनीच दिला होता.

---

गोंदूरकर नाना

पोरी, प्रश्न नीट मांडलास. माझं आयुष्य याच कामात गेलं, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

पहिलं काम, ते बनियन बंद कर. सुती कापड पेट्रोल अडवत नाही, धरून ठेवतं. उघड्या काचेवर पडलेला थेंब उन्हाळ्यात काही क्षणांत उडून तरी जातो. तोच बनियनमध्ये मुरला की काचेला चिकटून दहा मिनिटं बसतो. वरून ते फडकं गेल्या आठवड्याच्या धुळीने भरलेलं. आपल्याकडची धूळ म्हणजे काळ्या मातीबरोबर बारीक रेती. पुसताना पॉलिश पेपर फिरवल्यासारखे चरे पडतात आणि त्या चऱ्यांतून पेट्रोल आणखी खोल जातं.

दुसरं, स्क्रू. जाळी स्क्रूंभोवतीच आहे म्हणालीस, म्हणजे काच बसवणाऱ्याने ते पिळून आवळले असणार. ॲक्रिलिक उन्हाने ॲल्युमिनियमच्या तिप्पट पसरतं. मीटरभर लांबीची काच घे. जानेवारीच्या पहाटेपासून मे महिन्यातल्या दुपारपर्यंत आपल्याकडे चाळीस अंशांचा फरक सहज पडतो, आणि उन्हात उभ्या विमानाची काच हवेपेक्षा जास्तच तापते. तेवढ्यात ती पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास वाढते आणि खालची चौकट एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. मधला फरक जायचा कुठे? म्हणून भोकं स्क्रूपेक्षा मोठी ठेवतात आणि स्क्रू घट्ट बसल्यावर एक फेरा मागे सोडतात. हे केलेलं नसेल तर तू सोन्याचं झाकण बसवलंस तरी जाळी वाढतच राहील. मात्र स्क्रूला हात लावायचा तो परवानाधारक अभियंत्याला सोबत घेऊन आणि त्या विमानाचं पुस्तक बघूनच.

तिसरं, उतार. हे फार थोडे लोक बघतात. सेसना १७२ सारख्या विमानात टाक्या पंखात आणि बूच पंखाच्या वर. पंख टोकाकडे किंचित उचललेले असतात, त्यामुळे सांडलेलं मुळाकडे म्हणजे केबिनकडे वाहतं, आणि पंखाच्या पुढच्या उतारावर पडलं असेल तर कडेवरून काचेच्या वरच्या कोपऱ्यात टपकतं. तिथे उपाय सोपा आहे. नोझल पंखाच्या मागच्या बाजूने आणायचं, पुढून नाही. पाईप काचेवरून ओढत न्यायचा नाही. चढायचा घोडा पंखाच्या मागे लावायचा. तुझ्या विमानात मात्र बुचाच्या मागेच काच आहे. पाणी उतार शोधतं आणि तुझा उतार काचेकडे, तेव्हा तिथे बांधच घालावा लागेल.

बांध कसा घालायचा ते रात्री लिहितो, जेवायला बोलावतायत.

---

रावेरचा केळीवाला

नाना, जेवायला काय आहे?

---

गोंदूरकर नाना

शेवभाजी. आणि धागा भरकटवू नका.

---

ढगातला भाऊ

मी प्रशिक्षणार्थी वैमानिक, सध्या जळगावला. माझं मत थोडं वेगळं आहे. बनियन वाईट हे मान्य, पण जाड प्लॅस्टिकचा कागद पसरला तर पेट्रोल त्यात मुरणार नाही. शेततळ्याला वापरतात तो कागद आपल्याकडे कुठेही मिळतो. दुसरा उपाय म्हणजे शेपटी उचलून घोड्यावर ठेवायची आणि मग भरायचं. विमान सपाट झालं की उतारच राहत नाही.

---

गोंदूरकर नाना

भाऊ, कागदाचं सांगतो. तो काचेला कधीच पूर्ण चिकटत नाही, वरच्या कडेला फट राहते. पेट्रोल पाण्यापेक्षा पातळ, ते त्या फटीतून खाली घुसतं आणि काच आणि कागद यांच्यामध्ये पसरतं. तिथून उडायला जागाच नाही. म्हणजे बनियनचाच प्रकार, फक्त वरून दिसत नाही एवढंच. शिवाय प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक घासलं की ठिणगीचं काय, ते पुढे लिहितो.

शेपटी उचलायची कल्पना कागदावर बरी आहे. पण टाकीतलं पेट्रोल भरत असताना पुढचं वजन वाढत जातं, आणि शेपटी मोकळी घोड्यावर. वारा आला, कुणाचा धक्का लागला, तर पंखा जमिनीत. काच वाचवायला पंखा घालवायचा का? शेपटी बांधून, चाकांना ठोकळे लावून, दोन माणसं धरून करता येतं, पण रोजच्या भरण्याला एवढं कुणी करणार नाही. जी पद्धत रोज होणार नाही ती लिहून ठेवण्यात अर्थ नाही.

आता बांध. नायट्राइल रबराची तीन मिलिमीटरची शीट घे. सायकलच्या ट्यूबचं रबर चालणार नाही, ते पेट्रोलमध्ये फुगतं. जळगाव-धुळ्यात ऑइल सील आणि गॅस्केटच्या दुकानात नायट्राइल मागितलं की देतात. तिच्या मध्ये बुचाच्या मानेसाठी भोक. काचेकडच्या बाजूला त्याच रबराची बोटभर उंचीची पट्टी उभी चिकटव, इंग्रजी व्ही उलटा ठेवल्यासारखी, टोक बुचाकडे. सांडलेलं टोकाला आपटून दोन्ही बाजूंना वळेल. शीटचे दोन्ही पंख इंजिनाच्या झाकणावरून खाली लोंबू देत. त्याखाली धातूची पातेली ठेवायची. थेंब काचेपर्यंत पोचतच नाही.

पण पाऊण सांडणं बांधाआधीच थांबतं. कॅन उचलून थेट ओतू नये. कॅनचं पहिलं गचकणं आणि शेवटचं ठिबकणं, सगळं काचेवर जातं ते या दोन वेळी. हातपंप आणि त्याची नळी वापरायची, कॅन खालीच जमिनीवर. नळी काढताना तिचं तोंड आधी अंगठ्याने दाबायचं, मग वर करायचं, मग विमानापासून लांब न्यायचं. आणि टाकी काठोकाठ भरायची नाही.

---

तापीकाठची

नाना, काठोकाठ का नाही? मालक तर म्हणतात, टाकी भरलेली असली की आत पाणी धरत नाही.

---

अमळनेरची प्रयोगशाळा

ते खरं आहे. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने दव धरतं. पण पेट्रोल दर अंशाला साधारण हजारात एक भाग पसरतं. पहाटे वीस अंशांवर पन्नास लिटरची टाकी गच्च भरली आणि दुपारी ती चाळीसवर गेली, तर एक लिटर पेट्रोल बाहेर यायला वाट शोधतं. पंखातल्या टाकीची श्वासनळी पंखाखाली असली की ते जमिनीवर पडतं. तुमच्यासारख्या टाकीत हवेचं भोक बहुधा बुचातच असतं. म्हणजे कुणी जवळ नसताना, भर उन्हात, काचेच्या बुडाशी पेट्रोल पाझरत राहणार. तुमची जाळी कदाचित भरतानाची नसेलच. दुपारी जाऊन बुचाभोवती बघा. एव्हगॅस वापरत असाल तर निळा डाग दिसेल.

---

तापीकाठची

आज दुपारी जाऊन आले. बुचाच्या मागे काचेच्या रबरी पट्टीपर्यंत ओघळ आहे. निळा नाही, पिवळट. पंपावरचं साधं पेट्रोल वापरतात. वर काच झाकायला ताडपत्रीचं आवरण होतं, त्याचा खालचा भाग हाताला ओलसर लागला आणि वास येत होता.

---

गोंदूरकर नाना

झालं, चोर सापडला! भरताना सांडतं ते वेगळं, आणि आवरणाखाली रोज दुपारी वाफेत काच उकडली जाते ते वेगळं. ते आवरण आजच धुवून लांब वाळत टाक. पेट्रोलचा वास जाईपर्यंत काचेवर घालायचं नाही. बुचाच्या आतलं वायसर बघ, कडक झालं असेल. टाकी वरून दोन बोटं मोकळी ठेवायला मालकांना सांग.

---

ढगातला भाऊ

पंपावरचं पेट्रोल म्हणजे आता २० टक्के इथेनॉलचं ना? विमानात चालतं?

---

गोंदूरकर नाना

इंजिनवर आहे. रोटॅक्स ९१२ या हलक्या विमानांच्या इंजिनाला कंपनीने १० टक्क्यांपर्यंत इथेनॉलची परवानगी दिलीय. त्यापुढे नाही. पट्टीच्या काचनळीत थोडं पाणी घ्यायचं, खूण करायची, वर पेट्रोल ओतून हलवायचं आणि थांबायचं. पाण्याचा थर वाढलेला दिसला तर अल्कोहोल आहे. काचेच्या दृष्टीनेही इथेनॉल म्हणजे वरच्या निषिद्ध यादीतलं अल्कोहोलच, पेट्रोलच्या जोडीला आलेलं.

एव्हगॅसला आता परदेशाकडे बघायची गरज नाही. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये वडोदऱ्याच्या आपल्या कारखान्यात बनवलेलं १०० एलएल जातीचं एव्हगॅस बाजारात आणलं, आधी ते बाहेरून यायचं. शिरपूरहून वडोदरा काही फार लांब नाही, पण एका खासगी विमानासाठी पिंपभर आणणं, साठवणं, त्याच्या परवानग्या हा मोठा व्याप आहे. त्यावर वेगळा धागा काढा. आणि एव्हगॅसनेही काच खराब होतेच, हे विसरू नका.

---

दोनचाकी डॉक्टर

नाना, ठिणगीचं राहिलं.

---

गोंदूरकर नाना

हो. कोरड्या फडक्याने प्लॅस्टिकची काच घासली की तिच्यावर स्थिर वीज जमते. हिवाळ्यात आणि एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तर जास्तच. बुचाचं तोंड उघडं, वर पेट्रोलची वाफ, आणि वीतभर अंतरावर कुणीतरी काच चकचकीत करतोय. मी असल्या माणसाला हात धरून बाजूला केलेलं आहे. बूच लावेपर्यंत काचेला कोरडं फडकं लावायचंच नाही. विमान, कॅन आणि जमीन तारेने जोडायचे, तार रंग नसलेल्या उघड्या धातूला, बूच उघडायच्या आधी. प्लॅस्टिकचा कॅन आणि प्लॅस्टिकचं नरसाळं असेल तर जोडून उपयोग नाही, वीज त्यातून वाहतच नाही. धातूचं नरसाळं घ्या, ते टाकीच्या मानेला टेकलेलं राहू द्या.

---

तापीकाठची

खूप उपयोग झाला. आता शेवटचा प्रश्न. इतकं करूनही सांडलं तर?

---

गोंदूरकर नाना

पाणी. भरपूर, आणि लगेच. भरायला सुरुवात करण्याआधीच दोन बादल्या भरून शेजारी ठेवायच्या. बूच बंद करायचं आणि काचेच्या वरच्या कडेवरून ओतायचं. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, वाहून जातं. पुसायची घाई नाही. बूच नीट लागलंय ना ते आधी बघ, नाहीतर काच वाचवताना टाकीत पाणी जाईल. ते काचेहून महाग पडेल. नंतर पहिल्या उड्डाणाआधी टाकीच्या तळातून नमुना काढून पाणी बघायचंच.

मग सौम्य साबणाचं पाणी घेऊन उघड्या हाताने, अंगठी-बांगड्या काढून. बोटांना रेतीचा कण कळतो, फडक्याला कळत नाही. शेवटी स्वच्छ, मऊ, ओलं कापड, वरून खाली सरळ. गोल गोल फिरवू नको. गोल चरे उन्हाकडे तोंड केलं की डोळ्यांसमोर चक्र उभं करतात आणि उतरताना धावपट्टी दिसत नाही.

काही जण आधीच काच ओली करून मग भरतात. माझा अनुभव चांगला आहे. ओल्या काचेवर थेंब पसरून बसत नाही, घसरतो. फक्त बुचाजवळ पाणी नको.

---

वाचनमात्र

वरच्या गप्पांतून एक आठवलं. डोळ्यात मोतीबिंदूनंतर बसवतात ती कृत्रिम लेन्स याच ॲक्रिलिकपासून सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे तुकडे गेले, आणि ते डोळ्याने खपवून घेतले, सूज आली नाही, हे हॅरॉल्ड रिडली या डॉक्टरांच्या लक्षात आलं. १९४९ मध्ये त्यांनी पहिली लेन्स बसवली. माझ्या आजोबांना धुळ्यात लेन्स बसली तेव्हा ही गोष्ट डॉक्टरांनीच सांगितली होती.

---

अमळनेरची प्रयोगशाळा

वा! डोळ्याला चालतं आणि पेट्रोलला चालत नाही.

ताई, पातेल्यातलं पाणी-पेट्रोल नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. एव्हगॅस असेल तर त्यात शिसंही असतं. वाळूवर घ्या, धातूच्या झाकणाच्या डब्यात बंद करा, उन्हापासून आणि आगीपासून दूर ठेवा, आणि पंपावर किंवा गॅरेजवर जुनं तेल नेणाऱ्यांना द्या.

---

ढगातला भाऊ

आणि आधीच पडलेल्या जाळीचं काय करायचं? पॉलिशने जाते का?

---

गोंदूरकर नाना

चरा पॉलिशने जातो, जाळी जात नाही. चरा पृष्ठभागावर असतो, जाळी आत गेलेली असते. वरून घासलं तर काच पातळ होते आणि भेग तिथेच राहते, वर लाटा उमटतात ते वेगळंच. त्या रेषांच्या टोकांवर बारीक खूण करून ठेव आणि दर महिन्याला बघ. खुणेपुढे गेल्या किंवा वैमानिकाच्या नजरेच्या पट्ट्यात आल्या की काच बदलायची. नवी बसवताना स्क्रूंचं मी वर सांगितलंय ते करून घे. बदलायची की नाही हा निर्णय विमानाची सही करणाऱ्या अभियंत्याचा, माझा किंवा तुझा नाही.

---

तापीकाठची

मालकांशी बोलले. बनियन बंद, आवरण धुवायला टाकलंय. बुचाचं वायसर खरंच कडक झालेलं होतं, नवं मागवलंय. गडी मात्र माझ्यावर रागावलाय, त्याचं बनियन मी जाळलं असं त्याला वाटतंय. रबर शीट आणायला उद्या धुळ्याला जातेय. नाना, भोक किती मोठं कापू? मानेचा व्यास ६० मिलिमीटर भरला.

---

गोंदूरकर नाना

५५ काप. ताणून बसेल तर खालून पाझरणार नाही. कात्रीने नको, गॅस्केटवाल्याकडेच गोल पंच असतो, त्याच्याकडून मारून घे. कातरीची कड फाटत जाते. आणि शीट उलटी बसवू नकोस, पट्टीचं टोक बुचाकडे.

---

रावेरचा केळीवाला

आणि त्या गड्याला एक नवं बनियन घेऊन या, ताई.